बडोद्यातून कारा-कॅरिंग्जमार्फत दत्तक : सेवा कशी आहे, कुठे अडते

सेवा: ‘कारा’, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, त्यांचं कॅरिंग्ज पोर्टल आणि त्याला जोडलेली जिल्ह्यातली यंत्रणा.
गुण: पाचपैकी साडेतीन.

मुलाच्या हक्कांची काळजी, कागदांची शिस्त आणि खर्चाचा उघड हिशेब या तीन बाबतीत ही सेवा खरोखर चांगली आहे. दीड गुण कापला तो पालकांची तयारी करून घेण्यात आणि मूल घरी आल्यावर सोबत करण्यात ती कमी पडते म्हणून. वाट फार पाहावी लागते यासाठी मात्र काहीही कापलेलं नाही. त्याचं कारण आधी सांगायला हवं, कारण इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो.

या सेवेबद्दल लोक जे लिहितात त्यात एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. कागद दिले, घर दाखवलं, वर्षं उलटली, मूल नाही. तक्रारीच्या मुळाशी एक समजूत आहे: अनाथाश्रम मुलांनी भरलेत, प्रेमळ जोडपी दाराशी उभी आहेत आणि मध्ये सरकार फायली अडवून बसलंय. प्रत्यक्षात संस्थांमध्ये राहणाऱ्या बहुतेक मुलांना आई, बाप, आजी, मामा असं कोणीतरी असतं. गरिबी, आजारपण, तुरुंगवास, आईचं दुसरं लग्न अशा कारणांनी ती तिथे ठेवलेली असतात. ती दत्तकासाठी नाहीत, आणि त्यांच्या घरच्यांना थोडा आधार मिळाला तर बरीच परत घरी जाऊ शकतात. कायद्याने दत्तकासाठी मोकळी झालेली मुलं त्या मानाने फार थोडी. २०२४-२५ या वर्षात देशभरातून ४,५१५ मुलं दत्तक गेली, त्यातली ४,१५५ देशातल्या देशात. अलीकडच्या वर्षांतला हा मोठा आकडा आहे, आणि तरीही पोर्टलवर नाव नोंदवून थांबलेल्या पालकांची संख्या तीस हजारांच्या वर आहे. म्हणून तीन ते साडेतीन वर्षं धरूनच चालावं. दोन वर्षांखालचं निरोगी बाळच हवं असेल तर त्याहून जास्त.

बडोद्यात दत्तक म्हटलं की सयाजीराव महाराज आठवणारच. पुढे सयाजीराव झालेल्या कवळाण्याच्या गोपाळरावाला महाराणी जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याचं बडोद्याने सोनं झालेलं पाहिलं, पण दत्तक घेण्याचं कारण गादीला वारस हवा हेच होतं. आपल्या घराघरांतला विचार अजून त्याच वळणाचा आहे: वंश, इस्टेट, म्हातारपणचा आधार, किंवा ‘एक घेतलं की पाठोपाठ आपलं होतं’. २०१५ चा बाल न्याय कायदा उलट्या बाजूने सुरू होतो. या मुलाला घर नाही, त्याच्यासाठी कोणतं घर योग्य, एवढाच त्याचा प्रश्न आहे. मोठ्यांना मूल मिळणं हा त्या कायद्यात कोणाचाही हक्क नाही. हे मनाला पटलं की सेवेतल्या निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात.

सगळ्यात मोलाचा टप्पा पालकांना दिसतच नाही. आईला मूल सांभाळणं शक्य नसेल तर ती बालकल्याण समितीपुढे समर्पणपत्र लिहून देते. लग्नाचं जोडपं असेल तर दोघांची सही लागते. अविवाहित आईची एकटीची पुरते आणि तिचं नाव-गाव गुप्त ठेवलं जातं. सहीनंतर तिला विचार बदलायला दोन महिने मिळतात. त्या मुदतीत ती बाळ परत मागू शकते, आणि काही आया मागतातही. बाळ कुठे सापडलं असेल तर पोलीस नोंद, वर्तमानपत्रातली जाहिरात, घरच्यांचा शोध हे सगळं होऊन समिती त्याला दत्तकासाठी मोकळं जाहीर करते: दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन महिन्यांत, त्याहून मोठ्याला चार महिन्यांत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की बाळ वाढतंय आणि वेळ फुकट चाललाय. पण हे दोन महिने नसतील तर दत्तक आणि हिसकावणं यांत फरक उरत नाही. एकोणीस वर्षांची घाबरलेली मुलगी, शेजारी उभे असलेले चिडलेले घरचे, आणि प्रसूतीला चार दिवस झालेले. अशा सहीला शेवटची सही मानू नये एवढं शहाणपण या कायद्यात आहे.

‘जन्मदातीने टाकून दिलं’ हे वाक्य म्हणूनच घरात वापरू नये, मूल समोर नसतानाही. परिस्थितीपुढे हतबल होऊन मूल सोडणाऱ्या आईबापांना कायदासुद्धा मूल टाकल्याचा गुन्हेगार ठरवत नाही.

आता प्रत्यक्ष काम. १ ऑगस्ट २०१५ पासून संस्थेत जाऊन मूल ‘बघून’ घेता येत नाही. पुण्यातल्या मावशींची एखाद्या संस्थेत ओळख आहे, साहेब कोणाच्या तरी ओळखीचे आहेत, याचा काही उपयोग नाही. देशभराची रांग एकच आहे. पात्रता थोडक्यात: लग्नाला किमान दोन वर्षं झालेली, दोघांची संमती, आणि मूल व पालक यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोघांच्या वयाची बेरीज ८५ च्या आत हवी, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १००, आठच्या पुढे ११०. एकट्या पालकासाठी हेच आकडे ४०, ४५, ५० आणि ५५. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी, कोणालाही घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. आधी दोन किंवा जास्त मुलं असलेल्या जोडप्याला विशेष गरजांच्या किंवा घर मिळायला कठीण जाणाऱ्या मुलांसाठीच विचारात घेतात. स्वतःचं घर असण्याची अट नाही. उत्पन्नाचा ठरावीक आकडाही नाही.

नोंदणीनंतर कागद चढवायला ३० दिवस मिळतात, आणि बडोद्यातल्या मराठी घरांची गाडी इथेच रुतते. आधारवर ‘विनायकभाई’, पॅनवर ‘विनायक’, लग्नाच्या दाखल्यावर आडनाव शेवटी आणि इथल्या कागदांवर आडनाव आधी. बायकोचं पॅन माहेरच्या नावाचं, आधारवर ‘बेन’ जोडलेलं. माणूस तोच, पण नाव जुळत नाही म्हणून फाईल परत येते. नोंदणीचं बटण दाबण्याआधीच सगळ्या कागदांवरचं नाव एकसारखं करून घ्या. लग्न नाशिक-कोल्हापूरकडे झालेलं आणि हातात फक्त पत्रिका असेल तर विवाहनोंदणीचं कामही आधीच उरकून टाका. डॉक्टरांच्या दाखल्यात नुसतं ‘फिट’ लिहून चालत नाही. दीर्घ, संसर्गजन्य किंवा जीवघेणा आजार नाही आणि मूल दत्तक घेण्यास सक्षम, असा मजकूर हवा. ओळखीच्या दोघांची पत्रं लागतात, ती कुटुंबाला खरोखर ओळखणाऱ्यांची घ्या. एकट्या पालकाने, आपलं काही बरंवाईट झालं तर मुलाला कोण सांभाळेल, त्या नातेवाइकाचं लेखी आश्वासन जोडायचं असतं. हे पत्र देणारा माणूस साठी उलटलेला नसावा असं आमचं मत. नियम तसं म्हणत नाही, पण मूल वीस वर्षांचं होईपर्यंतचा हिशेब करून पाहा.

मग होम स्टडी. संस्थेचे किंवा जिल्हा बाल संरक्षण एककाचे समाजकार्यकर्ते घरी येतात आणि कागद पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत अहवाल पोर्टलवर चढायला हवा. लोक घराला रंग देतात, नाश्त्याला तीन पदार्थ मांडतात. त्यांना पाहायचं असतं ते वेगळंच. दोघांपैकी एकाला ओढून आणलंय का? गर्भपाताचं किंवा गेलेल्या मुलाचं दुःख अजून ताजं आहे का? सासूबाई ‘आमची काही हरकत नाही’ म्हणताना आपल्याकडे पाहतात की भिंतीकडे? आधीचं मूल असेल तर त्याला काय सांगितलंय? आणि एक प्रश्न हमखास येतो: मुलाला कधी सांगणार? त्यावर ‘सांगायची गरज काय, आम्ही पोटच्यासारखंच वाढवू’ हे उत्तर अनेकांना प्रेमाचं वाटतं. कार्यकर्त्याच्या दृष्टीने ते धोक्याचं आहे. बाहेरगावी जाऊन ‘बाळंतपण’ करून येण्याचा बेत आजही आखला जातो. त्या घरात मूल एका गुपितावर वाढतं, आणि ते गुपित चुलतभावाच्या लग्नात कोणीतरी फोडतंच.

होम स्टडी अहवाल तीन वर्षं चालतो. प्रतीक्षा तीन वर्षांहून लांबते. म्हणजे नंबर जवळ यायला लागतो नेमकी तेव्हाच अहवालाची मुदत संपत येते. मुदतीच्या तीन-चार महिने आधी नूतनीकरणासाठी स्वतः पाठपुरावा करा. मधल्या काळात बदली, नवं घर, आजारपण, नोकरी सुटणं असं काही झालं असेल तर तेही अहवालात यायला हवं. मोबाइल नंबर बदलला आणि पोर्टलवर बदलला नाही, याहून वाईट चूक नाही. कारण पुढचं सगळं त्या एका मेसेजवर अवलंबून आहे.

रेफरल, म्हणजे एखाद्या मुलासाठी आपलं नाव सुचवल्याचा मेसेज, आला की मुलाचा फोटो, बाल अभ्यास अहवाल (मुलाची पार्श्वभूमी आणि वाढ) आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल पोर्टलवर दिसतो. आरक्षित करायला ४८ तास. असे जास्तीत जास्त तीन रेफरल मिळतात, आणि मेसेज न पाहता वेळ निघून गेली तरी संधी मोजली जाते. दोन दिवसांत बालरोगतज्ज्ञ शोधत फिरू नका. ओळखीच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की एके दिवशी अचानक कागद पाठवू, तासाभरात बघाल का. आपल्या पसंतीच्या डॉक्टरकडून अहवाल तपासून घ्यायला नियमांची पूर्ण मुभा आहे.

अहवाल वाचताना लोक कुठे फसतात ते नीट पाहू, कारण इथे चुकीच्या भीतीने मुलं नाकारली जातात. पहिली गोष्ट एचआयव्ही. तान्ह्या बाळाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडं अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. म्हणून त्या वयात साधी अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे बाळाला संसर्ग आहेच असं नव्हे. त्यासाठी थेट विषाणू शोधणाऱ्या पीसीआर चाचणीचा निकाल पाहायचा. अहवालात कोणती चाचणी केली ते लिहिलेलं नसेल तर संस्थेला विचारा. दुसरी सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. छोटा उदेपूर, नर्मदा, दाहोद या आपल्या शेजारच्या आदिवासी पट्ट्यात ती आढळते. अहवालात ‘सिकलिंग पॉझिटिव्ह’ एवढंच असेल तर ते अपुरं आहे. बाळ फक्त वाहक आहे की त्याला आजार आहे, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या रक्तचाचण्यांनी कळतं. वाहक मूल सर्वसाधारण आयुष्य जगतं. लग्नाच्या वेळी जोडीदाराची चाचणी करायची एवढंच. आजार असेल तर नियमित औषधं, दवाखाना आणि वेदनेचे झटके याची तयारी हवी.

तिसरं वजन आणि विकास. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करून मोजतात. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ आठ महिन्यांचं असेल तर ते सहा महिन्यांच्या बाळासारखंच वागणार, आणि ‘अजून बसत नाही’ हा दोष ठरत नाही. संस्थेत एका आयाकडे अनेक बाळं असतात, कडेवर घेणं कमी होतं, त्यामुळे मान धरणं, बसणं, बोलणं उशिरा येतं. घर मिळाल्यावर बरीचशी तूट भरून निघते. सगळी भरेलच असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून डॉक्टरांना एका वजनापेक्षा वजनांची रेघ दाखवा: जन्माचं, दोन महिन्यांचं, आत्ताचं. डोक्याचा घेरही तसाच. एका दिवसाचा आकडा फार काही सांगत नाही. टीएसएच (थायरॉइडची), हिपॅटायटिस बी आणि ऐकण्याची चाचणी झाली आहे का ते पाहा; ऐकण्याची राहिली असेल तर बेरा ही तान्ह्यांचीही करता येणारी ऐकण्याची चाचणी होईल का विचारा.

आणि फोटो. फोटोवरून रंग पाहून ‘आमच्यात शोभणार नाही’ म्हणणारी माणसं आहेत, शिकलेली आहेत, आपल्यातलीच आहेत. हे कारण मनात असेल तर रांगेतून बाजूला होणं मुलाच्या हिताचं आहे.

आरक्षणानंतर ३० दिवसांत संस्थेत जाऊन मुलाला भेटणं, दत्तक समितीशी बोलणं आणि स्वीकृती हे सगळं आटपायचं. स्वीकृतीनंतर आदेशाची वाट न पाहता मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी येतं. त्या दिवशी संस्थेकडून मागून घ्यायच्या गोष्टी: लसीकरणाचं कार्ड, दुधाच्या पावडरीचं नाव आणि प्रमाण, झोपायची व खायची वेळ, त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, कोणत्या आयाची सवय आहे, अंगावरची एखादी जुनी चादर न धुता. दूध, जागा, वास आणि माणसं एकाच दिवशी बदलली की बाळ रात्रभर रडतं किंवा अजिबात रडत नाही. न रडणाऱ्या बाळाला ‘किती शहाणं’ म्हणतात. त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

आदेश पूर्वी कोर्टाकडून मिळायचा. कायद्यातली दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाल्यावर तो जिल्हाधिकारी देतात. निकालाची मुदत दोन महिने. अर्ज संस्थेने करायचा असतो. वकील लावायची गरज पडत नाही, आणि कोणी ‘कलेक्टर कचेरीत आपला माणूस आहे’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. आदेशाच्या मसुद्यात मुलाचं नाव, जन्मतारीख आणि पालकांच्या नावाचं इंग्रजी व गुजराती स्पेलिंग अक्षर अक्षर तपासा. पुढचा जन्मदाखला यावरून बनतो, आणि दाखल्यावरून आधार, शाळा, पासपोर्ट. मूल दुसऱ्या राज्यातल्या संस्थेतून आलं असेल तर दाखला तिकडूनच काढावा लागतो. आदेशात ‘भाई’ घुसलं तर दुरुस्तीला लागणारा वेळ दत्तकाच्या सगळ्या कागदांपेक्षा त्रासदायक ठरतो.

पैशाबद्दल सगळ्यात जास्त अफवा आहेत. होम स्टडीचे ६,००० रुपये, मूल घेताना बाल संगोपन निधीची ठरलेली रक्कम, आणि नंतरच्या पाठपुराव्याच्या प्रत्येक भेटीचे २,०००. देशातल्या देशात सगळं मिळून लाखाच्या आत बसतं. आकडे पोर्टलवर आहेत, पावती मिळते. यापलीकडे संस्थेने देणगी घ्यायला बंदी आहे, रोख असो वा वस्तू. रांगेत असताना संस्थेला वॉटर कूलर भेट देण्याचा विचार चांगल्या मनाने आला तरी टाळा. ‘कितीला पडलं?’ असं विचारणारे शेजारी भेटतात. त्यांना उत्तर द्यायला आपण बांधील नाही, विशेषतः मूल ऐकत असताना.

रांग लांब म्हणून कोणीतरी नर्सिंग होमचा रस्ता सुचवतो. ‘एका मुलीचं बाळ आहे, तिला नकोय, दाखल्यावर थेट तुमचंच नाव लावून देतो.’ ही सोय नव्हे, मुलाची विक्री आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ खाली मूल विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड, आणि त्यात दवाखान्याचे लोक असतील तर त्यांना तीन ते सात वर्षं. कायद्याची भीती बाजूला ठेवा. त्या आईला खरंच नको होतं का, तिला बाळ मेलं असं सांगितलं का, बाळ कोणाचं चोरलेलं आहे का, हे घेणाऱ्याला कधीच कळणार नाही. खोट्या दाखल्यामुळे मुलाच्या मुळाचा एकमेव धागाही तुटतो. रस्त्यात सापडलेलं बाळ ‘देवानेच दिलं’ म्हणून ठेवून घेणंही गुन्हाच. १०९८ वर फोन करून २४ तासांच्या आत कळवायचं असतं.

नात्यातलं दत्तक मात्र वेगळं आहे आणि आपल्याकडे बरंच चालतं. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली नोंदणीकृत दत्तकपत्र करता येतं. मूल साधारणपणे पंधरा वर्षांखालचं हवं. घरात मुलगा असेल तर मुलगा आणि मुलगी असेल तर मुलगी घेता येत नाही. पालक आणि मूल भिन्नलिंगी असतील तर २१ वर्षांचं अंतर लागतं. एकदा वैध झालेलं दत्तक मोडता येत नाही. कागदाच्या दृष्टीने हे सोपं, पण नीतीच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक. धाकट्या जावेला तिसरी मुलगी झाली, थोरलीला मूल नाही, सासऱ्यांनी ठरवलं. धाकटीला कोणी वेगळं बसवून विचारलं का? तिला दोन महिने मिळाले का? पुढे एकाच वाड्यात ‘काकू’ म्हणून तिने त्या मुलीला वाढताना बघायचं, आणि वाड्यातल्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट फक्त त्या मुलीला माहीत नाही. समितीपुढे आईला मिळणारं संरक्षण इथे घरच्यांनीच द्यायला हवं.

पालकांबद्दलच्या समजुतींना मात्र सेवेने काहीच हात घातलेला नाही, आणि कापलेल्या दीड गुणातला एक यासाठी. ‘वहिनी, फार पुण्याचं काम केलंत’ हे बोलणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. पण मुलाच्या कानावर ते पडतं तेव्हा आपण उपकारावर वाढतोय असं त्याला कळतं. पुढे चौदाव्या वर्षी ते दार आपटतं तेव्हा तेच नातेवाईक म्हणतात, ‘शेवटी रक्त बोलतंच’. चौदाव्या वर्षी सगळीच मुलं दार आपटतात. दुसरी समजूत उलटी: यांना मूल होत नाही म्हणून नाइलाजाने घेतलं. मूल होत असूनही दत्तक घेणारे आहेत, एकट्या बायका आहेत, आणि वर्षानुवर्षं उपचार करून थकून आलेलेही आहेत. थकून येणं ही काही कमीपणाची गोष्ट नाही. फक्त उपचार चालू असतानाच ‘ते नाही तर हे’ म्हणून नोंदणी करू नये. न झालेल्या बाळाची जागा भरून काढायचं काम कोणत्याच मुलावर टाकता येत नाही. या सगळ्यावर नोंदणीनंतर निदान दोन दिवसांचं सक्तीचं शिबिर हवं, आणि ते मराठी-गुजरातीत हवं. सध्या समुपदेशन कागदावर आहे; प्रत्यक्षात किती मिळेल ते त्या त्या कार्यकर्त्यावर अवलंबून.

मूल घरी आल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी एक अशा चार पाठपुरावा-भेटी होतात. यात अडचणी लपवण्याकडे पालकांचा कल असतो, मूल परत नेतील या धास्तीने. अन्न उशीखाली लपवणं, कोणाच्याही कडेवर जाणं, अचानक पुन्हा अंथरूण ओलं करणं, आईला मारणं आणि बाबांना बिलगणं, या गोष्टी मोठ्या मुलांमध्ये नेहमीच्या आहेत आणि बहुतेक पहिल्या वर्षात ओसरतात. सांगितल्या तर मदत मिळते. सहा वर्षांचं मूल ओडिशातून आलं तर त्याला मराठी येत नाही, गुजराती येत नाही, आणि शाळा इंग्रजी. पहिले तीन महिने शाळेचं नाव काढू नका. गणपतीत शंभर पाहुण्यांसमोर ओळख करून देण्यापेक्षा घर, आजी-आजोबा आणि एक शेजार एवढंच जग पुष्कळ झालं. मोठ्या मुलाचं नाव बदलायचा मोह आवरा, त्याच्याकडे स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलेलं असतं.

रजेच्या बाबतीत कायद्यानेच गोंधळ घातला. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक आईला बारा आठवड्यांची रजा दिली, पण तीन महिन्यांखालच्या बाळासाठीच. बाळ दत्तकासाठी मोकळं व्हायलाच दोन महिने लागतात. मग रेफरल, भेट, स्वीकृती. म्हणजे रजा ज्यांच्यासाठी होती त्यांतल्या फारच थोड्यांच्या हाती ती लागली. नोंदणी करतानाच कंपनीचं धोरण लेखी मागून घ्या.

तान्ह्याचा आग्रह नसेल तर पोर्टलवर एक वेगळा दरवाजा आहे. नेहमीच्या रांगेत घर न मिळालेल्या मुलांची माहिती नोंदणीकृत पालकांना खुली होते आणि तिथे ज्येष्ठताक्रम लागत नाही. ही मुलं बहुतेक मोठी, भावंडांसोबत असलेली किंवा विशेष गरजांची. काहींच्या अहवालात दिसतं की ओठ दुभंगलेला होता आणि शस्त्रक्रिया होऊन गेलीय, किंवा हृदयातलं छिद्र बंद झालंय, आणि तरी ‘विशेष गरजा’ हा शेरा तसाच राहिलाय. डॉक्टरांना दाखवून वाचा. मात्र ‘रांग टाळायला’ म्हणून या दरवाजातून जाऊ नका. मूल परत करण्याच्या घटना घडतात, आणि दुसऱ्यांदा घर सुटलेल्या मुलाला तिसऱ्यांदा विश्वास ठेवायला सांगणं फार कठीण आहे.

शेवटचं काम घरात करायचं. आदेशाच्या प्रमाणित प्रती, बाल अभ्यास अहवाल, वैद्यकीय अहवाल, संस्थेतले फोटो आणि भेटीच्या दिवशी लिहून घेतलेल्या आयांच्या आठवणी, सगळं एका फाईलमध्ये ठेवा आणि स्कॅन करून दोन ठिकाणी. अठरा पूर्ण झाल्यावर मुलाला स्वतः मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो, त्याआधी पालकांसोबत मिळून; तिसऱ्या कोणालाही तो अधिकार नाही. जन्मदातीने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर संस्था ते उघड करणार नाही, हे मुलाला आधीपासून माहीत असू द्या. फाईल कुठे आहे तेही.